शोधनिबंधाचे मोजमाप

शरीरातील सर्व अवयवांत मूत्रपिंडासारखा सोशिक अवयव दुसरा नाही. दात दुखू लागला तर माणूस रात्रभर घर डोक्यावर घेतो. पोटात कळ आली तर मागावरचा कामगार माग थांबवून खाली बसतो. मूत्रपिंड मात्र निम्म्याहून अधिक निकामी झाले तरी ब्र काढीत नाही. पायांवर सूज येते, अन्नावरची वासना उडते, दोन जिने चढले की दम लागतो, तेव्हा कोठे घरची माणसे दवाखान्याची वाट धरतात. तेथे रक्तातील क्रिॲटिनीन मोजले जाते आणि डॉक्टर सांगतात की आता आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागेल. जन्मभर मुकाट्याने राबलेल्या अवयवाची ही पहिली तक्रार असते, आणि बहुधा ती वेळ टळून गेल्यावर आलेली असते.

यंदाच्या व्याख्यानमालेत मी कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलावे, अशी चालकांची इच्छा होती. मी त्यांना कळविले की इतिहासावरच बोलेन, पण एका डॉक्टरांच्या शोधनिबंधांच्या इतिहासावर. ते थोडे चपापले. एखाद्या संशोधकाने किती निबंध छापले आणि ते इतर किती जणांनी आपल्या लेखनात उल्लेखिले, हा विषय विद्यापीठाच्या निवड समितीचा; त्याचा यंत्रमाग कामगाराशी संबंध तो काय? संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. संघटनेच्या कामात पहिल्या दिवशी एक धडा शिकवितात: तोंडी तक्रार ही तक्रार नव्हे. फाटकापाशी उभे राहून हजार माणसांनी आरडाओरडा केला तरी न्यायालयापुढे तो शून्य. जे कागदावर लिहिले, ज्यावर तारीख पडली, ज्याची पोच घेतली, तेवढेच पुढे उभे राहते. रोगाचेही असेच आहे. एखाद्या खेड्यात वीस माणसे एकाच तऱ्हेने मेली, हे त्या खेड्याला ठाऊक असते, शेजारच्या खेड्याला ठाऊक असते, वैदूला ठाऊक असते. पण कोणी डॉक्टर ते नीट लिहून छापीत नाही तोवर शास्त्राच्या लेखी आणि म्हणून सरकारच्या लेखी तेथे काहीच घडलेले नसते. शोधनिबंध हा रोग्याच्या वतीने दिलेला लेखी अर्ज होय, आणि उल्लेख म्हणजे त्या अर्जाला मिळालेला साक्षीदार.

मूत्रपिंडाच्या बाबतीत असा पहिला मोठा अर्ज लंडनच्या गायज् रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट या डॉक्टरने १८२७ साली दिला. अंगावर सूज येऊन माणसे मरतात, हे जगाला फार पूर्वीपासून माहीत होते. ब्राइटने तीन गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या: जिवंतपणीची सूज, लघवीतून जाणारी प्रथिने आणि मरणानंतर उघडून पाहिलेली, आकसलेली खडबडीत मूत्रपिंडे. त्याची कसोटी काय होती? रोग्याची लघवी चमच्यात घ्यावयाची आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावयाची. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी ती साकळली की निदान झाले. साधन एवढेच, चमचा आणि मेणबत्ती. बाकी सारे होते ते चिकाटीने एकेका रोग्याची हकीकत लिहून ठेवणे. पुढे शंभर वर्षे जगभरचे डॉक्टर या व्याधीला 'ब्राइटचा रोग' म्हणत राहिले. संशोधकाचा याहून मोठा उल्लेख कोणता असू शकेल? आणि तरीही ते नाव आज पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ गेले आहे. कारण ब्राइटचा रोग हा एक रोग नसून अनेक रोगांची मोट आहे, हे त्याच्याच वाटेने गेलेल्या पुढच्या मंडळींनी दाखवून दिले. नाव गेले, पण वाट राहिली.

आता या उल्लेखांची मोजदाद कशी सुरू झाली ते पाहू. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी युजीन गारफील्ड नावाच्या गृहस्थांनी १९५५ साली ही कल्पना मांडली आणि १९६४ साली तिचे पहिले खंड प्रसिद्ध केले. ६१३ नियतकालिके घेऊन त्यांतील प्रत्येक निबंधाने मागच्या कोणकोणत्या निबंधांचा आधार घेतला आहे, याची ती सूची होती. कल्पना मात्र त्यांची स्वतःची नव्हती. ती त्यांनी वकिलांकडून उचलली. अमेरिकेत १८७३ सालापासून शेपर्ड यांची एक सूची निघत असे. अमुक खटल्याचा निवाडा पुढे कोणत्या निवाड्यांत उद्धृत झाला, हे तीत पाहावयास मिळे. मजूर न्यायालयात ज्यांनी उंबरे झिजविले आहेत त्यांना या सूचीचे मोल सांगावयास नको. आपण मोठ्या ऐटीने एखादा निवाडा पुढे करावा आणि मालकाच्या वकिलाने शांतपणे उठून सांगावे की तो वरच्या न्यायालयाने केव्हाच रद्द केला आहे, असे प्रसंग आम्ही पाहिले आहेत.

येथे एक बारकावा आहे. वकिलांच्या सूचीत नुसता उल्लेख नसे, खूण असे. हा निवाडा पुढे मान्य झाला, हा वेगळा ठरविला, हा फिरविला, असे अक्षरांनी दाखविलेले असे. विज्ञानाच्या सूचीने उल्लेख घेतला आणि खूण सोडली. त्यामुळे एखाद्याचा निबंध शंभर जणांनी 'हे साफ चूक आहे' असे म्हणून उल्लेखिला तरी त्याच्या खाती शंभर जमा होतात! गारफील्ड यांना हा धोका दिसत होता आणि त्यांनी स्वतः तो बोलूनही दाखविला होता. पण माप एकदा हाती आले की लोक त्याने सगळेच मोजू लागतात. ग्रंथपालाने कोणते नियतकालिक घ्यावे यासाठी काढलेला आकडा माणसाला नोकरी द्यावी की नाही यासाठी वापरात आला. २००५ साली हर्श नावाच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने आणखी सोपे गणित काढले. ज्याचे वीस निबंध प्रत्येकी निदान वीसदा उल्लेखिले गेले त्याचा अंक वीस. सारे आयुष्य एका अंकात!

आमच्या यंत्रमागावर कापडाचे माप टिपणारा आकडा असतो आणि मजुरी त्या आकड्यावर मिळते. आकडा खोटे बोलत नाही. पण तो सांगत नाही ते पुष्कळ असते. एकाला सूत चांगले मिळाले, दुसऱ्याला कच्चे मिळून दर दोन मिनिटांला धागा तुटत होता. एकाचा माग नवा, दुसऱ्याचा त्याच्या बापाच्या वयाचा. आकड्यात या गोष्टी येत नाहीत. म्हणून आकडा फेकून द्या असे मी कधी म्हटले नाही. आकडा नसता तर मालकाने तेवढीही मजुरी दिली नसती. आकडा पाहताना सुताची प्रतही पाहा, एवढेच आमचे म्हणणे असे. संशोधनातही सूत सर्वांना सारखे मिळत नाही. मोठ्या संस्थेत प्रयोगशाळा असते, मदतनीस असतात, भाषा तपासून देणारे असतात. खेड्यातल्या डॉक्टरापाशी रात्रीचा दिवा आणि टाचणवही.

आणि गंमत अशी की चांगले सूत मिळालेल्यांनीही विणले किती, हे २०१६ साली दिल्लीच्या डॉक्टरांनी मोजून काढले. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून एकही शोधनिबंध बाहेर पडला नव्हता. दहा वर्षांत एकही नाही! वर्षाला शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था अवघ्या २५. बढतीसाठी निबंध सक्तीचे झाल्यावर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले, ते निराळेच. हा तपशील डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्या गृहस्थांचे काम कोणत्या पार्श्वभूमीवर उभे आहे ते कळेल.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म १९५१ सालचा, जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यातला. शेतकऱ्याच्या घरातून नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेलेला हा मुलगा १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाला. कोकणात लाल विंचवाचा दंश म्हणजे मृत्यूशी गाठ. भातकापणीच्या, लाकूड वाहण्याच्या दिवसांत माणसे आणि विशेषतः पोरे दंश होऊन येत. घाम, थंडगार हातपाय, मग फुप्फुसात पाणी आणि शेवट. बावस्करांनी केले काय? ब्राइटने केले तेच. रोग्याशेजारी बसून दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, श्वास लिहून ठेवले. १९८२ साली त्यांचा निबंध लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. विंचूदंशानंतर हृदयावर येऊ घातलेल्या संकटाच्या पूर्वखुणा कोणत्या, हा त्याचा विषय. विषामुळे शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा पूर लोटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे औषध द्यावे, हा सरळ विचार त्यांनी केला आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त, तोंडाने घ्यावयाची गोळी वापरून पाहिली. १९८६ साली त्याचीही हकीकत 'लॅन्सेट'मध्ये आली. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रोग्यांपैकी चाळीसपर्यंत दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा लोकांना त्यांचे नाव कळले. विंचवावर काम करणारे परदेशी डॉक्टर ते चाळीस वर्षे ओळखत होते.

त्यांच्या निबंधांच्या यादीत माझ्या मते सर्वांत मानाचा निबंध २०११ सालचा, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधला. विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार होऊ लागले होते. नुसते प्राझोसिन बरे की प्राझोसिनबरोबर प्रतिविष बरे? महाडच्या त्यांच्या दवाखान्यात सत्तर रोग्यांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटणी केली. दहा तासांनी पाहिले तर दोन्ही औषधे मिळालेल्या ३५ पैकी ३२ पूर्ण बरे झालेले; नुसत्या प्राझोसिनच्या ३५ पैकी ८. ज्या गोळीने त्यांना जगात नाव दिले त्या गोळीची मर्यादा त्यांनी स्वतःच मोजून छापली. चळवळीतल्या आम्हा मंडळींनी यावर जरा विचार करावा. वीस वर्षांपूर्वी आपण मिळवून दिलेला करार आज अपुरा पडतो, असे आपल्याच सहीने लिहून देणारा पुढारी मी फारसा पाहिला नाही.

आणि आता मूत्रपिंड. २०१० साली 'क्लिनिकल टॉक्सिकॉलॉजी' या विषवैद्यकाच्या नियतकालिकात बावस्करांचा एक छोटा वृत्तांत आला. त्याचे शीर्षक मराठीत सांगावयाचे तर असे: पिण्याच्या पाण्यातील जड धातूंच्या दूषणाशी निगडित जुनाट मूत्रपिंडविकार, महाराष्ट्रातील एका लहान खेड्यातील वैद्यकीय वृत्तांत. विंचवावरच्या लेखांच्या मानाने याचा बोलबाला थोडा. पण शीर्षकातील शब्द एकेक करून वाचावेत. 'निगडित' म्हटले आहे, 'मुळे' म्हटलेले नाही. सभेत मी बोलत असतो तर 'पाण्यामुळे' म्हणून मोकळा झालो असतो आणि टाळीही घेतली असती. संशोधक तसे म्हणत नाही. पाण्यात हे आहे आणि पिणाऱ्यांची मूत्रपिंडे अशी आहेत, एवढे दोन्ही हात दाखवून थांबतो. 'लहान खेडे' हेही लपविलेले नाही. माझ्यापाशी मोठा आकडा नाही, हे तो पहिल्याच ओळीत कबूल करतो. अर्ज असाच लिहावयाचा असतो. जेवढे सिद्ध करता येईल तेवढेच, आणि तेवढे मात्र पक्के. महाड म्हटले की आपल्याला १९२७ सालचे चवदार तळे आठवते. पाणी प्यावयाचा हक्क तेथे मागितला गेला. त्याच महाडात दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टराने पुढे पाण्यात काय आहे हा प्रश्न लेखी मांडावा, हा योगायोग असेल, पण माझ्या मनातून तो जात नाही.

अशा लहान वृत्तांताचे पुढे काय होऊ शकते, याचे उदाहरण जपानात आहे. तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या काठी उतारवयाच्या शेतकरी बायांची हाडे नुसत्या खोकल्याने मोडत. वेदनेने त्या 'दुखतंय, दुखतंय' म्हणून विव्हळत. जपानी भाषेत 'इताई-इताई', आणि तेच रोगाचे नाव पडले. महायुद्धातून परतलेला हागिनो नावाचा एक डॉक्टर तेथे आपला घरचा दवाखाना चालवीत होता. नदीच्या वरच्या अंगाला मित्सुई कंपनीची कामिओका येथील जस्त-शिशाची खाण. खाणीचे पाणी नदीत, नदीचे पाणी भातखाचरात, भात पोटात. १९५७ साली हागिनोने हा खाणीच्या विषाचा प्रताप असल्याचे जाहीरपणे मांडले, तेव्हा त्याची टर उडाली. गावठी डॉक्टरने विद्यापीठाला शिकवावे की काय! त्या पाण्यातील कॅडमियम धातू आधी मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळ्या खातो, मग हाडांतला चुना वाहून जातो, हे पुढे उलगडत गेले. १९६८ साली सरकारने ते मान्य केले आणि १९७२ साली वरच्या न्यायालयात कंपनी हरली. १९५७ सालच्या त्या निवेदनाचे उल्लेख त्याच वर्षी मोजले असते तर निवड समितीने हागिनोला शिपायाची जागाही दिली नसती.

पण मी खेड्यातल्या डॉक्टरांची बाजू घेतो म्हणून मोठ्या आकड्यांना कमी लेखतो, असे कोणी समजू नये. एका खेड्याचा अर्ज एकटा टिकत नाही. मागे हजेरीपट लागतो. तो २०१२ साली मिळाला. नडियादच्या मूत्रविकार रुग्णालयातील डॉ. मोहन राजापूरकर आणि देशभरचे त्यांचे सहकारी यांनी जुनाट मूत्रपिंडविकाराच्या नोंदवहीचा पहिला अहवाल प्रसिद्ध केला. रोगी ५२,२७३. भारतातील या विकारावर लिहू पाहणारा माणूस या अहवालाचा आधार घेतल्याशिवाय सहसा पुढे जात नाही, आणि ते योग्यच आहे. त्यात पहिला क्रमांक अर्थातच मधुमेहाचा, शंभरात ३१. पण दुसऱ्या क्रमांकावर काय आहे? कारण अज्ञात. शंभरात १६, म्हणजे आठ हजारांहून अधिक माणसे. आणि अहवाल म्हणतो की कारण न कळलेले हे रोगी इतरांपेक्षा वयाने लहान, अधिक गरीब आणि रोग फार पुढे गेल्यावर आलेले आहेत. एवढे एक वाक्य लिहावयास बावन्न हजार रोगी मोजावे लागले, आणि ते सार्थकी लागले असे मी म्हणतो. तरुण, गरीब, उशिरा आलेला: हा मनुष्य कोण, हे ज्याने कामगार वस्तीत वीस वर्षे काढली आहेत त्याला विचारावयाची गरज नाही.

'कारण अज्ञात' हा रकाना आपल्याच देशात आहे असे नाही. आंध्रच्या श्रीकाकुलम् जिल्ह्यातील उद्दानम् भाग त्यासाठी ठाऊक झाला आहे. आपल्या पूर्व भागातील तेलुगूभाषक विणकर बांधवांच्या कानावर ते नाव गेले असेल. आपल्याकडे पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातले लोक खाऱ्या पाण्याकडे बोट दाखवीत आले आहेत. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात भातशेती करणारे आहेत. आणि मध्य अमेरिकेत ऊसतोड कामगार. एल साल्वादोर देशातील एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २००२ साली २०५ रोग्यांची हकीकत छापली. सुमारे दोन-तृतीयांश रोग्यांना ना मधुमेह, ना नेहमीचे दुसरे कारण. बहुतेक पुरुष, बहुतेक शेतावर राबणारे. निबंध स्पॅनिश भाषेत होता. इंग्रजी जगाचे लक्ष त्याकडे वळावयास काही वर्षे गेली. (मराठीत लिहिणाऱ्यांनी याचा अर्थ आपापल्या परीने लावावा.)

कारणाविषयीचा वाद अद्याप मिटलेला नाही. कोणी धातू म्हणतात, कोणी कीटकनाशके, कोणी पाण्यातील क्षार. मध्य अमेरिकेच्या बाबतीत मात्र एक धागा दिवसेंदिवस बळकट होत गेला. भर उन्हात, कोयत्यावर, टनाच्या भावाने जिवापाड काम. घामाने शरीर सुकते, तापते. मूत्रपिंडाला रोज थोडी इजा होते आणि हंगामामागून हंगाम ती साचत जाते. टनाचा भाव असला की माणूस पाणी प्यावयासही थांबत नाही, हे समजावयास शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही. निकाराग्वातील एका साखर कारखान्याच्या शेतात यावर उपाय योजून पाहिला गेला आणि मूत्रपिंडाची इजा कमी झाल्याचे दिसले. उपायाचे नाव तीन शब्दांचे: विश्रांती, सावली, पाणी. ते वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले आणि थोडा वेळ बसून राहिलो. शंभर वर्षे कामगार संघटना ज्या मागण्या कागदावर पहिल्या तीन क्रमांकांना लिहीत आल्या त्याच या. फरक इतकाच की आता त्या औषधाच्या चिठ्ठीवर आल्या.

आपल्या सोलापूरचे काय? १८७७ साली जुनी गिरणी निघाली तेव्हापासून हे गाव सूत आणि घाम यांवर जगले. गिरण्या गेल्या, चादरीचे आणि टॉवेलचे माग राहिले, विड्या वळणाऱ्या हजारो बाया राहिल्या, आणि जिल्ह्यात पाहावे तिकडे ऊस उभा राहिला. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याखालच्या मागाच्या शेडमध्ये किती जातो ते ज्याने बारा तासांची पाळी केली त्याला विचारावे. १९४८ च्या कारखाना कायद्यात उन्हाळ्यात थंड पाणी देण्याचे बंधन घातलेले होते, पण कोणावर? जेथे अडीचशेहून अधिक कामगार असतील त्या कारखान्यावर. आमच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये वीस-पंचवीस माणसे. गिरणीतल्या बापाला कायद्याने थंड पाणी मिळे. तेच काम करणाऱ्या मुलाला ते मागण्याचाही आधार उरला नाही.

आणि रोग जडला तर भरपाई? १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला तिसरे परिशिष्ट जोडलेले होते. धंद्यातून उद्भवणाऱ्या रोगांची ती यादी. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेलाही तशीच यादी आहे. यादीत नाव असले तर कामगाराचा दावा उभा राहतो. नसले तर रोग आणि काम यांचा संबंध त्याने स्वतः सिद्ध करावयाचा. तोही क्रिॲटिनीन सात असताना! या यादीत रोग कसे शिरतात याचा इतिहास आपल्याच धंद्यात आहे. कापसाच्या धुळीने छाती भरते, सोमवारी कामावर येताच दम कोंडतो, हे साचेखात्यात आणि त्याहून अधिक पिंजणखात्यात प्रत्येकाला माहीत होते. तरीही भारतात हा रोग विरळा, असे पुष्कळ दिवस मानले जाई. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतर गिरणी कामगारांच्या छात्या तपासून आकडे छापले, तेव्हा तसे म्हणणे अवघड झाले. पुढे बिसिनोसिस या नावाने तो रोग परिशिष्टात आहे. शिशाचे आणि कॅडमियमचे विकारही आहेत. उष्णतेने झिजणारे मूत्रपिंड नाही.

म्हणून मला कोणी विचारले की अमुक संशोधकाचे मूत्रपिंडावरचे निबंध किती आणि उल्लेख किती, तर मी तो आकडा आदराने ऐकतो, आणि मग विचारतो, या निबंधांमुळे कोणत्या रोग्याचे नाव कोणत्या यादीत आले? याच गावात १९१० साली जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचा निबंधांचा अंक किती, हे कोणी काढीत बसत नाही; चीनमधल्या रणांगणावर ते शस्त्रक्रियेचे पुस्तक लिहीत होते, आणि ते पुरे होण्याआधी १९४२ साली वारले. पण कोटणीस दरवेळी लाभत नाहीत. रोजच्या कामाला चमचा, मेणबत्ती आणि टाचणवही घेऊन बसणारी माणसे लागतात. आणि अशा माणसाला रोगी आणून देणे, त्याच्या कामाची साल-तारीखवार माहिती देणे, हे आमचे काम आहे. कामगार कोठे, किती वर्षे, कोणत्या पाळीला होता, हे डॉक्टराला कळत नाही. संघटनेच्या वर्गणीवहीला ते कळते.

गेल्या फाल्गुनात आम्ही काही यंत्रमागांच्या शेडांत एक वही सुरू केली आहे. त्यात नाव, वय, मागावरची वर्षे, पाळी, शेडमधले दुपारचे तापमान, पाणी कोठले पितो आणि दिवसातून किती वेळा लघवीला जातो, असे रकाने आहेत. शेवटचा प्रश्न विचारताना पहिल्या आठवड्यात सगळे हसत. मग एका वयस्क कामगाराने 'पाळीत एकदाच, कधी तेही नाही' असे सांगितले, आणि त्याच्या मागच्या तिघांनीही तेच सांगितले. त्यानंतर कोणी हसले नाही. वही पाहणारे तरुण डॉक्टर म्हणाले की उन्हाळ्याआधीची आणि उन्हाळ्यानंतरची रक्ततपासणी झाल्यावाचून यातून काही लिहिता येणार नाही, आणि एक उन्हाळा पुरावयाचा नाही, दोन लागतील. पहिली तपासणी होळीच्या आधी झाली. दुसरी मृगाच्या सुमारास आहे.